आभासी यंत्रांना स्मृतीचे वाटप : एका सामायिक साधनाचे अर्थशास्त्र

रायपूर शहरातील पंडरी हा भाग घाऊक कापड बाजारासाठी छत्तीसगडभर ओळखला जातो. आंतरराज्य बसस्थानक २०२१ मध्ये येथून भाटागावला हलले. कापड बाजार मात्र जागच्या जागी राहिला. अशा बाजारातील तीन दुकानदारांनी मिळून एक गोदाम भाड्याने घेतले आहे, असे समजू. पहिला शालेय गणवेशाचे कापड विकतो. त्याचा माल मे-जूनमध्ये भरतो. दुसरा लोकरीचे कपडे व ब्लँकेट विकतो. त्याचा हंगाम थंडीच्या तोंडावर येतो. तिसऱ्याचा व्यापार साड्यांचा असून त्याची सारी भिस्त लग्नसराईवर आहे. ऐन हंगामात प्रत्येकाला शंभर गाठींची जागा लागते. तिघांनी स्वतंत्र गोदामे घेतली तर एकूण तीनशे गाठींच्या जागेचे भाडे भरावे लागेल आणि त्यातील बरीचशी जागा वर्षातील अनेक महिने रिकामी राहील. सामायिक गोदामात दोनशे गाठींची जागा पुरते, कारण तिघांचे हंगाम सहसा एकत्र येत नाहीत. गोदामाच्या मालकाने मात्र तिघांनाही 'शंभर गाठींची जागा तुमची' असे आश्वासन दिलेले आहे. म्हणजे त्याच्याजवळ आहे दोनशे आणि त्याने वाटले आहे तीनशे.

हे आश्वासन पाळले जाईल काय, एखाद्या वर्षी तिघांचाही माल एकाच आठवड्यात आला तर कोणाच्या गाठी बाहेर काढायच्या आणि त्या कोणी निवडायच्या, हे प्रश्न आज देशातील प्रत्येक माहिती केंद्रात रोज, किंबहुना प्रत्येक सेकंदाला सोडवले जातात. तेथे गाठींच्या जागी संगणकाची स्मृती, म्हणजे रॅम, असते आणि दुकानदारांच्या जागी आभासी यंत्रे. प्रशासनात संगणकीकरणाचा प्रसार जसजसा होत गेला तसतसा हा तांत्रिक वाटणारा विषय सार्वजनिक सेवेचा विषय बनला. पंडरीतच रायपूरचे जिल्हा रुग्णालय आहे. कोणत्याही शासकीय रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर पडदा गोठतो आणि रांग थांबते, तेव्हा दोष नेहमी जोडणीचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो दूरच्या एखाद्या यजमान संगणकावर स्मृती अपुरी पडल्याचा असतो.

पार्श्वभूमी

एकाच संगणकाचे अनेक आभासी संगणक करण्याची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील वैज्ञानिक केंद्रात १९६० च्या दशकाच्या मध्यात ती प्रत्यक्षात आली आणि १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' या नावाने सर्वसाधारण ग्राहकांपर्यंत पोहोचली. त्या काळी स्मृती अत्यंत महाग होती, म्हणून ती वाटून घेणे भाग होते. पुढे स्वस्त व्यक्तिगत संगणकांचा काळ आला आणि ही कल्पना दोन दशके मागे पडली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चित्र पुन्हा पालटले. प्रत्येक कामासाठी एक स्वतंत्र सर्व्हर घेण्याची प्रथा रूढ झाल्याने सर्व्हरची संख्या वाढली, पण त्यांतील बहुतेक सर्व्हर दिवसाचा बराच वेळ निष्क्रिय असत. वीज, वातानुकूलन आणि जागा यांचा खर्च मात्र चालूच होता. साहजिकच एका मोठ्या यजमान संगणकावर अनेक आभासी यंत्रे बसवण्याकडे कल वाढला. ही यंत्रे बसवणारी व त्यांच्यात साधनांचे वाटप करणारी जी आज्ञावली असते तिला हायपरवायजर म्हणतात. आपल्या उदाहरणातील गोदामाचा मालक तो हाच.

भारतात राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेला मे २००६ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या अंतर्गत राज्य माहिती केंद्रांच्या योजनेला जानेवारी २००८ मध्ये मंजुरी देण्यात आली व त्यासाठी पाच वर्षांकरिता १,६२३.२० कोटी रुपयांची तरतूद होती. विभागागणिक स्वतंत्र सर्व्हर न ठेवता राज्याची सर्व माहिती प्रणाली एका ठिकाणी आणावी, हा त्यामागील हेतू. पुढील पायरी फेब्रुवारी २०१४ ची. राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या 'मेघराज' या मेघसंगणन सेवेमुळे शासकीय विभागांना सर्व्हर विकत न घेता आभासी यंत्र मागून घेता येऊ लागले. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये मेघसंगणनाचे स्वतःचे धोरण जाहीर केले. खरेदीच्या निविदेत महिने घालवण्याऐवजी काही दिवसांत यंत्र मिळणे ही विभागांच्या दृष्टीने मोठीच सोय होती. या सोयीच्या पोटात वाटपाचा प्रश्न दडलेला आहे.

आश्वासनाचे गणित

यजमानाजवळ असलेल्या स्मृतीपेक्षा अधिक स्मृती यंत्रांना देऊ करणे याला अतिवाटप म्हणता येईल. प्रथमदर्शनी ही फसवणूक वाटते. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा व्यवहार परिचित आहे. बँक ठेवीदारांचा सगळा पैसा तिजोरीत ठेवत नाही. रोख राखीव प्रमाण नोव्हेंबर २०२५ अखेर ३ टक्क्यांवर आणण्यात आले. बाकीचा निधी कर्जे, रोखे अशा ठिकाणी गुंतवलेला असतो. तरीही प्रत्येक ठेवीदाराला त्याचा पैसा मागताक्षणी मिळेल असे आश्वासन असते आणि ते एरवी पाळले जाते, कारण सर्व ठेवीदार एकाच दिवशी येत नाहीत. विमा कंपनीचा व्यवसायही याच आधारावर उभा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका यजमानावर १६ आभासी यंत्रे आहेत. प्रत्येक यंत्राला सरासरी ८ जीबी स्मृती लागते आणि या मागणीचे प्रमाण विचलन २ जीबी आहे. सरासरीत तीन प्रमाण विचलने मिळवून प्रत्येक यंत्राला १४ जीबी दिली, तर एकूण वाटप २२४ जीबी होते. आता सर्वांची मागणी एकत्र पाहू. सरासरी होईल १२८ जीबी. मागण्या परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर एकत्रित प्रमाण विचलन सोळा पटींनी न वाढता सोळाच्या वर्गमुळाइतके, म्हणजे चार पटींनी वाढते; ते ८ जीबी होते. तीन प्रमाण विचलने मिळवली तरी १५२ जीबी पुरतात. २२४ जीबींचे आश्वासन १५२ जीबींवर निभावते. गुणोत्तर सुमारे दीड. खुल्या स्रोतातील 'ओपनस्टॅक' या मेघ प्रणालीत स्मृतीच्या अतिवाटपाचे मूळ गुणोत्तर अनेक वर्षे १.५ इतकेच ठेवलेले होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

येथे एक शब्द निर्णायक आहे आणि परीक्षार्थी नेमके त्याच शब्दाकडे दुर्लक्ष करतात. तो शब्द म्हणजे 'स्वतंत्र'. यंत्रांच्या मागण्यांमधील सहसंबंध गुणांक शून्याऐवजी ०.५ असेल, तर त्याच हिशेबाने १९८ जीबी लागतात. तो १ असेल, तर पुन्हा २२४. म्हणजे बचतीचा सगळा लाभ हा हंगाम वेगवेगळे असण्याचा लाभ आहे. राज्य माहिती केंद्राच्या दृष्टीने ही बाब पुस्तकी नाही. छत्तीसगडमध्ये धान खरेदी नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत चालते आणि शेतकऱ्याला माल आणण्याची पाळी ठरवून देण्यापासून त्याच्या खात्यात रक्कम जमा होईपर्यंतचा व्यवहार संगणकावर होतो. शालान्त परीक्षेचे निकाल उन्हाळ्यात लागतात. शाळाप्रवेश, जात व उत्पन्नाचे दाखले यांची गर्दी जूनमध्ये असते. हे सारे एकाच गोदामात सुखाने नांदू शकते. ३१ मार्चला मात्र कोषागार, बांधकाम, आरोग्य, शिक्षण असे सर्वच विभाग एकाच वेळी हिशेब पूर्ण करू लागतात आणि सहसंबंध गुणांक एकाकडे सरकतो.

मागणीचे वितरण प्रसामान्य आहे असे मानल्यास तीन प्रमाण विचलनांची मर्यादा ओलांडली जाण्याची संभाव्यता सुमारे ०.१३५ टक्के आहे. तीस दिवसांच्या महिन्यात हा काळ जेमतेम ५८ मिनिटांचा होतो. पण ही ५८ मिनिटे रात्री दोन वाजता येतील असे मानण्यास काही आधार नाही. ती येतात ती अगदी अडचणीच्या वेळी. शिवाय सहसंबंध मनुष्यनिर्मितही असतो. सर्व यंत्रांवरील विषाणूरोधक तपासणी मध्यरात्री बाराला सुरू होईल अशी एकच वेळ नेमून देणारा प्रशासक नकळत सोळा दुकानदारांचा माल एका दिवशी मागवत असतो. वीजपुरवठा खंडित होऊन पूर्ववत झाल्यावर सगळी यंत्रे एकदम सुरू होतात तेव्हाही असेच घडते.

हमी, मर्यादा आणि भाग

वाटपाचे नियम ठरवताना हायपरवायजरला प्रत्येक यंत्राबाबत तीन गोष्टी सांगता येतात. पहिली हमी, म्हणजे काहीही झाले तरी त्या यंत्राकडून काढून न घेता येणारी स्मृती. दुसरी कमाल मर्यादा, जिच्या पलीकडे मोकळी जागा असली तरी ती त्याला मिळणार नाही. तिसरी गोष्ट भागांची. टंचाईच्या वेळी हमीच्या वरची स्मृती ज्याच्या त्याच्या भागांच्या प्रमाणात वाटली जाते. सर्व हमींची बेरीज यजमानाच्या प्रत्यक्ष स्मृतीपेक्षा अधिक होऊ दिली जात नाही. हायपरवायजर ते यंत्र सुरूच करत नाही. अतिवाटप चालते ते फक्त हमीच्या वरच्या पट्ट्यात.

हमी किती द्यावी याचे उत्तर विभागाच्या प्रतिष्ठेवरून नव्हे, तर सेवा थांबण्याच्या सामाजिक किमतीवरून ठरावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रुग्ण नोंदणीच्या विदागाराला पूर्ण हमी असावी. कर्मचारी प्रशिक्षणाच्या यंत्राला ती शून्य असली तरी बिघडत नाही. व्यवहारात मात्र प्रत्येक विभाग पूर्ण हमी मागतो आणि प्रत्येकाला ती दिली की सामायिक गोदाम पुन्हा सोळा कुलूपबंद खोल्यांचे होऊन बसते.

मर्यादेबाबत एक सावधगिरीची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेत प्रस्तुत लेखकाचे विद्यार्थी कौटुंबिक उपभोगाच्या आकडेवारीवर काम करीत होते. तासाभरात होणारी गणना रात्रभर चाले. यंत्रावर १६ जीबी स्मृती दिसत होती, म्हणून दोष आज्ञावलीला आणि पुढे विद्यार्थ्यांना दिला गेला. नव्या सर्व्हरच्या खरेदीचा प्रस्ताव तयार होऊन मंजुरीसाठी वर गेलाही. तेवढ्यात एका तरुण अभियंत्याच्या लक्षात आले की ज्या नमुना-यंत्रावरून हे यंत्र तयार केले होते त्यावर कधीकाळी ४ जीबीची कमाल मर्यादा घातलेली होती आणि तीच नकलेत उतरली होती. यंत्राला आपल्याजवळ १६ जीबी आहे असे वाटत होते, मिळत होती चारच. यजमानावर दरम्यान कितीतरी स्मृती मोकळी पडलेली होती. ती एक नोंद पुसताच काम सुरळीत झाले. प्रस्ताव मागे घ्यायला त्यानंतर दोन महिने लागले.

जागा परत कशी घ्यायची

टंचाई निर्माण झाल्यावर हायपरवायजरला कोणाकडून तरी स्मृती परत घ्यावी लागते. हा या विषयाचा गाभा आहे. स्मृती ही पानांमध्ये विभागलेली असते आणि सर्वसाधारण पान ४ केबीचे असते. कोणते पान सध्या निरुपयोगी आहे हे त्या यंत्रातील कार्यप्रणालीला चांगले ठाऊक असते; बाहेरून पाहणाऱ्या हायपरवायजरला सगळी पाने सारखीच दिसतात. गोदामाच्या मालकाने स्वतःच दहा गाठी उचलून बाहेर टाकल्या, तर उद्या सकाळी ज्या गाठीचे गिऱ्हाईक येणार आहे नेमकी तीच बाहेर गेलेली असू शकते. त्याने दुकानदाराला 'दहा गाठींची जागा रिकामी करून द्या' असे सांगितले, तर दुकानदार गेल्या वर्षीचा न खपलेला माल हलवील. केंद्रीय नियोजकाकडे नसलेले स्थानिक ज्ञान व्यक्तींजवळ विखुरलेले असते, हा फ्रेडरिक हायेक यांनी १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडलेला मुद्दा येथे तंतोतंत लागू पडतो.

डिसेंबर २००२ मध्ये बोस्टन येथील एका परिषदेत कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी 'व्हीएमवेअर' कंपनीच्या ईएसएक्स सर्व्हरमधील स्मृती व्यवस्थापनावर निबंध सादर केला. त्यात या अडचणीवरील तोडगा होता. प्रत्येक आभासी यंत्रात एक छोटी आज्ञावली बसवायची. तिला फुगा असे नाव आहे. हायपरवायजरला स्मृती हवी असली की तो फुग्याला फुगण्यास सांगतो. फुगा आपल्या यंत्राच्या कार्यप्रणालीकडे स्मृती मागतो. कार्यप्रणाली आपल्या नेहमीच्या पद्धतीने सर्वांत कमी उपयोगाची पाने मोकळी करून त्याला देते, आणि फुगा ती पाने स्वतः न वापरता हायपरवायजरच्या हवाली करतो. टंचाई संपली की फुगा आकसतो. पाने कोणती जावीत हा निर्णय ज्याला माहिती आहे त्याच्याकडेच राहतो; हायपरवायजर फक्त किती हवीत ते सांगतो.

ही पद्धत सोपी असली तरी तिला मर्यादा आहेत. फुगा हळूहळू फुगतो. मागणी एकदम उसळली तर तो पुरा पडत नाही. यंत्र नुकतेच सुरू होत असेल तर फुगा अजून कामाला लागलेलाच नसतो. काही प्रशासक 'आमची स्मृती चोरली जाते' या समजुतीने फुगा काढूनच टाकतात. टंचाई त्यामुळे टळत नाही, हायपरवायजरला केवळ दुसरा मार्ग धरावा लागतो आणि तो मार्ग अधिक वाईट असतो.

तो मार्ग म्हणजे यजमान पातळीवरील स्वॅप. येथे हायपरवायजर स्वतःच पाने निवडून चकतीवर टाकतो आणि चांगले-वाईट ठरवण्याचे साधन नसल्याने ही निवड यादृच्छिक असते. आतील कार्यप्रणालीला याची कल्पना नसल्याने एखादे पान हायपरवायजरने आधीच चकतीवर टाकलेले असते आणि नेमके तेच पान कार्यप्रणालीही बाहेर काढायचे ठरवते. मग बाहेर गेलेले पान केवळ पुन्हा बाहेर टाकण्यासाठी आत आणावे लागते. वेगाची तुलना केल्यास हानी स्पष्ट होते. रॅममधून माहिती मिळण्यास साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या चकतीवरून सुमारे १० मिलिसेकंद. पहिल्या कामाला एक सेकंद लागतो असे मानले, तर दुसऱ्याला जवळजवळ २८ तास लागतील. आधुनिक घनस्थिती चकती वापरली तरी सुमारे १७ मिनिटे. नोंदणी खिडकीवरील पडदा गोठतो तो असा.

पडून असलेल्या स्मृतीवरील कर

स्मृती घ्यायची कोणाकडून, हा यापुढचा प्रश्न. केवळ भागांच्या प्रमाणात वाटप केले, तर ज्याचे भाग जास्त तो न वापरलेली स्मृतीही अडवून बसू शकतो. त्यावर वॉल्डस्पर्गर यांनी सुचवलेल्या उपायाचे नावच करशास्त्रातले आहे : निष्क्रिय स्मृतीवरील कर. वापरात असलेल्या पानाची किंमत एक धरली, तर पडून असलेल्या पानाची किंमत त्याहून जास्त आकारायची. कराचा दर ७५ टक्के असेल, तर ही किंमत एक भागिले एक वजा ०.७५, म्हणजे चार येते. वॉल्डस्पर्गर यांच्या प्रणालीत मूळ दर हाच होता.

आकडे घालून पाहू. यजमानावर वाटपासाठी ४० जीबी आहेत. 'अ' आणि 'ब' या दोन यंत्रांचे भाग समान आहेत. 'अ' प्रत्यक्षात ५ जीबीच वापरतो. 'ब' मिळेल तेवढी सगळी वापरू शकतो. कर नसेल तर दोघांना २० जीबी मिळतील आणि 'अ'कडील १५ जीबी पडून राहतील. ७५ टक्के कर लावल्यावर दोघांची भारित किंमत समान होईपर्यंत स्मृती 'अ'कडून 'ब'कडे जाते. समतोल येतो तो 'अ'ला ११ आणि 'ब'ला २९ जीबी असताना : 'अ'च्या वापरातील ५ जीबींची किंमत ५, पडून असलेल्या ६ जीबींची चौपट म्हणजे २४, बेरीज २९, 'ब'ची २९ जीबी पूर्ण वापरात, किंमत २९. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः वेगवेगळे दर घेऊन करून पाहावे. दर १०० टक्क्यांकडे नेला तर 'अ'कडे जेमतेम ५ जीबी उरतात आणि त्याची मागणी किंचित वाढली तरी तो अडचणीत येतो. कर ७५ टक्क्यांवर थांबवण्याचे कारण हेच आहे. 'अ'च्या हाती थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. जास्तीची जमीन सरसकट काढून घेऊ पाहणारा १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आणि रिकाम्या जमिनीवर कर बसवणे या दोन मार्गांत जो फरक आहे तोच येथेही दिसतो. महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला.

पण एखादे यंत्र किती स्मृती खरोखर वापरते हे कळणार कसे? प्रत्येक पानावर पाळत ठेवणे परवडणारे नाही. म्हणून नमुना पाहणी केली जाते. दर ३० सेकंदांना यादृच्छिक पद्धतीने १०० पाने निवडायची आणि त्यांपैकी किती पानांना हात लागला ते मोजायचे. खरे प्रमाण २० टक्के असेल, तर १०० पानांच्या नमुन्यात प्रमाण त्रुटी ४ टक्के बिंदूंची येते, आणि यंत्रात दहा लाख पाने असोत वा एक कोटी, तिच्यात जवळजवळ फरक पडत नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ज्या तत्त्वावर राष्ट्रीय नमुना पाहणी उभी केली तेच तत्त्व येथे दर अर्ध्या मिनिटाला राबते.

सामायिक पाने

एका यजमानावरील दहा यंत्रांत एकच कार्यप्रणाली चालत असेल, तर तिची कितीतरी पाने अक्षरशः सारखी असतात. अशा पानांची एकच प्रत ठेवायची आणि एखाद्या यंत्राने त्यात बदल केला तरच त्याला वेगळी प्रत करून द्यायची, हा आणखी एक मार्ग. २००२ च्या निबंधातील एका यजमानावर दहा विंडोज एनटी यंत्रांची सुमारे ३३ टक्के स्मृती अशा रीतीने मोकळी झाली होती. लिनक्सच्या गाभ्यात ही सोय डिसेंबर २००९ मध्ये आली.

आज तिचे महत्त्व ओसरले आहे. वेगासाठी ४ केबीऐवजी २ एमबीची मोठी पाने वापरली जाऊ लागली आणि एवढी मोठी दोन पाने तंतोतंत सारखी असण्याची शक्यता फारच कमी असते. दुसरे कारण सुरक्षिततेचे. सामायिक पानात बदल करताना लागणारा जादा वेळ मोजून शेजारच्या यंत्रात कोणते पान आहे याचा अंदाज बांधता येतो, गुप्त किल्लीचाही माग काढता येतो, असे संशोधकांनी दाखवून दिले. २०१४ च्या अखेरीपासून व्हीएमवेअरने निरनिराळ्या यंत्रांमधील पानांचे सामायिकीकरण मूळ स्वरूपात बंद ठेवले. भिन्न विभागांची गोपनीय माहिती एका यजमानावर ठेवणाऱ्या शासकीय केंद्रांनी तर ते बंदच ठेवलेले बरे.

पैज हरल्यावर

सर्व उपाय संपले तर काय होते? पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये कार्यसंचाची संकल्पना मांडली : कोणत्याही कामाला ठरावीक अवधीत पानांचा एक किमान संच लागतोच. सर्वांच्या कार्यसंचांची बेरीज प्रत्यक्ष स्मृतीपेक्षा अधिक झाली की पाने सतत आत-बाहेर होत राहतात आणि मूळ काम जवळजवळ थांबते. वेग हळूहळू कमी होत नाही, एका टप्प्यानंतर तो कोसळतो. बँकेवरील धाड जशी दोनचार टक्के ठेवी काढल्याने थांबत नाही तसेच हे आहे.

लिनक्सवर आधारित केव्हीएम यजमानावर आणखी एक प्रसंग ओढवू शकतो. तेथे प्रत्येक आभासी यंत्र ही यजमानाच्या दृष्टीने एक साधी प्रक्रिया असते. स्मृती पूर्ण संपल्यावर गाभा एका प्रक्रियेचा बळी देतो आणि निवड मुख्यतः ती किती स्मृती व्यापते यावर होते. सर्वांत मोठे यंत्र बहुधा विदागाराचे असते. म्हणजे प्रशिक्षणाच्या यंत्रामुळे टंचाई झाली तरी बंद पडते ते रुग्ण नोंदणीचे विदागार. प्रशासकाने आधी प्राधान्यक्रम नोंदवून ठेवला असेल तरच हे टळते.

स्मृतीबाबत जग अधिक सावध झालेले दिसते ते या अनुभवातून. ओपनस्टॅकच्या अलीकडील आवृत्तींत स्मृतीच्या अतिवाटपाचे मूळ गुणोत्तर १ करण्यात आले, म्हणजे अतिवाटप नाहीच. प्रक्रियकाचे गुणोत्तर मात्र १६ वरून ४ वर आणले तरी एकाच्या वरच आहे. प्रक्रियकाचा वेळ कमी मिळाला तर काम लांबते एवढेच. स्मृती कमी मिळाली तर ते कोलमडते.

शासकीय केंद्रांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. विभागाला आभासी यंत्र विनामूल्य मिळत असेल, तर तो १६ जीबींची गरज असताना ६४ जीबी मागतो. कमी मागून अडचणीत येण्याचा दोष त्याच्यावर येतो, जास्त मागितल्याचा भार मात्र सर्वांवर पडतो. हायपरवायजरचा कर ही न वापरलेली स्मृती तात्पुरती दुसरीकडे वळवतो, पण मागणीपत्रातील आकडा कमी करत नाही. काही ठिकाणी विभागांना प्रत्यक्ष देयक न देता दरमहा वापराचे विवरणपत्र पाठवले जाते : मागितलेली स्मृती, वापरलेली स्मृती व त्या फरकाची बाजारातील किंमत. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाढत्या मागणीमुळे रॅमच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या, तेव्हापासून या विवरणपत्रातील शेवटचा रकाना दुर्लक्ष करण्याजोगा राहिलेला नाही.

३ मे २०२५ रोजी नवा रायपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या माहिती केंद्र संकुलाची पायाभरणी झाली. अशा केंद्रांत वाटपाचे नियम वेगळे असतात. आलेखी प्रक्रियक एखाद्या आभासी यंत्राला थेट जोडून दिला की तो यजमानाच्या स्मृतीशी परस्पर व्यवहार करतो. मधल्या मध्ये पाने हलवलेली त्याला चालत नाहीत. त्यामुळे त्या यंत्राला त्याची सगळी स्मृती हमी म्हणून द्यावी लागते. तेथे फुगा चालत नाही, स्वॅपही नाही, आणि तेवढ्या यंत्रापुरते तीनशे गाठींसाठी पुन्हा तीनशे गाठींचेच गोदाम लागते.